घरचा कापूस, दुसरा नंबर

आमच्या मामाजींनी मला जावई म्हणून पसंत केलं, तेव्हा मी गोल खात होतो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वर्ध्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे आले की दर वेळी समजावून सांगावं लागतं, की मी सख्ख्या मामाची मुलगी केलेली नाही. तर तेव्हा मी बोरगाव मेघेला राहत होतो, सरकारी कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी एका क्लबाचा गोलकीपर होतो. गोलकीपर म्हणजे दोन खांबांच्या मधोमध उभा राहत असे, एवढंच. त्या दिवशी मामाजींच्या क्लबाने आमच्यावर इतके गोल चढवले की पंचांनाही माझी दया आली. सामना संपल्यावर धोतर नेसलेला, काखेत छत्री धरलेला एक उंच माणूस माझ्याजवळ आला. त्याने खिशातले फुटाणे माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "लग्न झालं का?"

लग्नानंतर कधीतरी मी हिंमत करून विचारलं, "मामाजी, माझ्यात नेमकं काय पाहिलं?"

"गोल झाला का गोलकीपर बॅकवर वरडते. तुमी एकदाही नाई वरडले. मी म्हणलं, हे पोट्टं घरात भांडाचं नाई."

भांडायचा नाही, हे खरं निघालं. कुसुम, म्हणजे माझी बायको, म्हणते की भांडायलाही उडी घ्यावी लागते, ती तुम्ही मैदानावर तरी कधी घेतली?

मामाजींचा क्लब जिल्ह्यात पहिल्या नंबरचा. जिल्ह्यात धड असे क्लब तीनच होते ही गोष्ट वेगळी. पण वर्ध्यात त्या क्लबाचा सदरा अंगात असला की हॉटेलवाला आलूबोंडा ताजा काढून द्यायचा. मैदान म्हणजे जिनिंगचं, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्याचं पटांगण. पावसाळाभर तिथे फुटबॉल. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की फुटबॉल बंद. त्या क्लबाचे मामाजी मॅनेजर. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे सगळंच. चेंडूच्या कातड्याला जवसाचं तेल चोळण्यापासून कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं इथपर्यंत. खेळाडूंचे सदरे मामाजी स्वतः घरी आणून धूत आणि अंगणातल्या दोरीवर मैदानातल्याच क्रमाने वाळत घालत. पुढचे पुढे, बॅक मागे. गोलकीपरचा सदरा अगदी शेवटी, संडासाच्या भिंतीशी.

लग्न झालं आणि मी सासरच्या क्लबात आलो. मला वाटलं, मॅनेजरचा जावई म्हणजे आता पहिल्या अकरात जागा पक्की. पण अंगावर अक्षता पडल्या त्या दिवसापासून मी दुसऱ्या नंबरचा गोलकीपर झालो आणि क्लब सोडेपर्यंत दुसऱ्या नंबरचाच राहिलो. माझ्या बाबतीत मामाजींचा निवाडा अचूक होता, तेव्हा तक्रार नाही. पण हे माझ्यापुरतं नव्हतं, हे कळायला मला वेळ लागला.

मामाजी कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्यांच्या गाड्यांची रांग लागे. मामाजी गाडीत हात घालून आतला कापूस काढत, चिमटीत धरून त्याचा धागा ओढून पाहत आणि नंबर सांगत. पहिला, दुसरा, तिसरा. त्या एका शब्दावर त्या घरच्या वर्षाचं ठरे. आपल्या नात्यातल्या माणसाची गाडी आली की ग्रेडरने बाजूला व्हावं, ती दुसऱ्याने पाहावी, असा तिथला रिवाज होता. एकदा मामाजींच्या सख्ख्या भावाची गाडी पवनारहून आली आणि त्या दिवशी दुसरा ग्रेडर तापाने घरी पडलेला. रांगेतले सगळे मान वर करून पाहू लागले. मामाजींनी धागा ओढला. कापूस दुधासारखा पांढरा होता. मामाजी म्हणाले, "दुसरा नंबर."

भाऊ गाडीवरूनच म्हणाला, "दादा, अजून एकदा पाहा न."

"पाह्यला. दुसरा."

मागच्या गाडीतला परका शेतकरी, ज्याचा कापूस त्याहून पिवळा होता, तोसुद्धा खाली मान घालून उभा राहिला म्हणतात. त्यानंतर दोन्ही घरांचं एकमेकांकडे जेवणखाण बरीच वर्षं बंद होतं.

मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, हा किस्सा सांगून झाला की नेहमी म्हणायच्या, "यायले घरचं सोनं बी पितळच दिसते, बावा. मी पाटोडी केली त ठीक हाय म्हणतीन. शेजारणीनं खारट केली त भांडं चाटून पुसून देतीन." कुसुम शाळेत पहिली आली तेव्हा मामाजींनी विचारलं होतं, "वर्गात पोट्ट्या कितीक होत्या?" लोक काय म्हणतील या भीतीने ते असं करत, असं मला आधी वाटे. तसं नव्हतं. त्यांना खरंच वाटायचं की आपल्या माणसाकडे पाहताना डोळा लबाडी करतो, म्हणून एक नंबर आपणच कापून टाकावा.

वसंता त्यांचा एकुलता एक मुलगा, कुसुमचा धाकटा भाऊ. तो क्लबाचा सेंटर हाफ होता, आणि बापाने सतरा वेळा बसवूनही लोकांनी ओरडून ओरडून मैदानात आणलेला. पुढे कामठीच्या टीमशी खेळताना त्याचा गुडघा गेला. वर्षभर नागपूरच्या चकरा झाल्या. पाय सरळ झाला, पण धावण्याजोगा राहिला नाही. दुसऱ्या कोणी मैदानाकडे पाठ फिरवली असती. वसंता रोज यायचा. कडेला लंगडत फिरायचा, नव्या पोरांना पायाचा कोन दाखवायचा, भांडलेल्यांना एकाच सायकलवर डबलसीट घरी पाठवायचा. मला, दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरलासुद्धा, त्याने इतकं शिकवलं की एका सामन्यात मी चेंडू अडवला. नाकाने अडवला, पण अडवला.

मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लांबचा खेळाडू ओळखू येईना. त्यांनी सांगून टाकलं, "पुढल्या सालापासून मॅनेजर दुसरा पाहा." क्लबाचे सेक्रेटरी किराण्याचे व्यापारी होते, त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठ म्हणाले, "आप ही देखो. आमाले काय समजते?"

वसंताने तोंडाने काही मागितलं नाही. पण त्या महिन्यात तो जेवताना मध्येच थांबायचा आणि ताटात मिठाच्या खड्यांची टीम मांडायचा. त्याच्या आयुष्यात आता खेळणं नव्हतं, मॅनेजरची तेवढी एकच जागा उरली होती. हे घरात सर्वांना ठाऊक होतं. मामाजींनाही.

आणि मामाजी मॅनेजर शोधायला निघाले. शोधायची रीत त्यांची स्वतःची, म्हणजे मुलीसाठी स्थळ पाहायला जावं तशी. न सांगता घरी जायचं, चहा घ्यायचा, फुटबॉलचं नावही काढायचं नाही, नुसतं पाहत बसायचं. सोबतीला मी, कारण सायकल चालवायला कोणीतरी हवं होतं.

पहिल्यांदा एका शाळेतल्या पीटीच्या मास्तरकडे गेलो. मास्तर मुलाशी कॅरम खेळत होता. मुलगा हरायला आला की मास्तर मुद्दाम सोंगटी चुकवायचा. बाहेर पडल्यावर मामाजी म्हणाले, "हा हरू देत नाई. पोट्टे हरले नाई त शिकतीन कवा?" मग एका कापडवाल्याकडे. तो टीमला नवे सदरे द्यायला तयार होता. पण तो आत आला की दुकानातले सगळे गडी उठून उभे राहत. मामाजी सायकलवर बसता बसता म्हणाले, "याच्या टीममधले पोट्टे उभेच राह्यतीन. खेळतीन कवा?"

शेवटी बँकेतल्या एका कॅशियरकडे गेलो. कोकणाकडचा माणूस, बदली होऊन आलेला, कॉलेजात फुटबॉल खेळलेला. तो ओसरीवर मुलीची वेणी घालत होता. आम्हाला पाहून म्हणाला, "बसा हं, एक वेणी राहिलीय." आणि सावकाश दुसरी वेणी घालून, दोन्ही रिबिनी सारख्या आहेत का ते पाहून मगच उठला.

"झालं," मामाजी परतताना म्हणाले. "कोणी आलं म्हून त्यानं हातातलं सोडलं नाई. हाच."

मी पॅडल मारता मारता म्हटलं, "मामाजी, एक घर राहिलं पाहायचं."

"कोणतं?"

"तुमचं."

त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाले, "खड्डा पाहून चालवा, जवाईबापू."

क्लबाची सभा जिनिंगच्या ऑफिसात भरली. शेठ गादीवर बसले होते, खेळाडू भिंतीला टेकून, आणि वसंता दारात, मांडीवर चेंडू घेऊन. शेठनी विषय काढला तसे सगळे एकदम बोलायला लागले. "वसंताभाऊच पायजे!" "दुसरा कायले पाहाले जाता?" कॅप्टन तर म्हणाला, "काका, तो आताबी मॅनेजरच हाय. तुमी फक्त हो म्हणा."

मामाजी उभे राहिले. मला आठवतं, त्यांनी छत्री दोन्ही हातांत धरली होती.

"मी घरं पाह्यली," ते म्हणाले. "बँकेतला माणूस पहिल्या नंबरचा हाय. वसंता दुसऱ्या नंबरचा."

शेठ म्हणाले, "अहो, तुमचा पोरगा हाय तो."

"म्हूनच सांगून राह्यलो."

वसंता हसला. खरंच हसला. "बरोबर हाय बाबा," असं म्हणून त्याने चेंडू शेठच्या गादीजवळ, घरंगळू नये असा अलगद ठेवला आणि चप्पल घालून गेला.

तो आठवड्याभरात बायकोला घेऊन कारंज्याला गेला. नागपूर-अमरावती रस्त्यावरचं कारंजा घाडगे, तिथे त्याच्या मित्राचं टायरचं दुकान होतं. मामीजींनी पोळ्या बांधून दिल्या, फाटकापर्यंत गेल्या. मामाजी अंगणात सदरे वाळत घालत होते. "येजो," एवढं म्हणाले. सदऱ्यांचा क्रम त्या दिवशी पार चुकला होता. माझा सदरा पहिल्यांदाच सेंटर फॉरवर्डला लागला होता. कोणी हसलं नाही.

कॅशियर माणूस चांगला निघाला, हे सांगायलाच हवं. सरळ, शांत, कोणाचा पक्ष न घेणारा. त्याच्या हाताखाली क्लब पहिल्या नंबरवर राहिला. पण बँकेतला माणूस. आम्ही सगळे विसरलो होतो की जो बदली होऊन येतो तो बदली होऊन जातो. त्याची बदली झाली तेव्हा पोरं स्टेशनवर रडली. मग एक मॅनेजर आला, तो गेला. दुसरा आला, तो पावसाळा संपायच्या आत गेला. मधल्या काळात भारताने क्रिकेटचा विश्वचषक आणला आणि जिनिंगच्या पटांगणात पोरं तीन काड्या रोवायला लागली. फुटबॉलला आता अकरा जण जमवताना मारामार व्हायची. मीसुद्धा पहिल्या नंबरचा गोलकीपर होतो की काय अशी वेळ आली होती, यावरून काय ते समजा.

एका सकाळी मामाजी आमच्या घरी आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, मोतीबिंदू काढल्यापासूनचा जाड चष्मा. "जवाईबापू, कारंज्याले जाचं हाय. वसंताले म्हणतो, चाल. क्लब संभाळ."

कुसुम आतून धावत आली. "बाबा, खरंच?"

"मंग का खोटं? चुकलो म्हणतो त्याले. चूक म्हणाले का लाज?"

आर्वीवरून जाणारी बस. पूर्ण वाटेत मामाजी ओठ हलवत होते. पाठ करत असावेत.

कारंज्याला उतरलो. टायरचं दुकान बंद होतं. शेजारच्या ढाब्यावर विचारलं तर पोऱ्याने मागे बोट दाखवलं. ढाब्यामागे पडीक रान होतं. एका बाजूला ट्रक उभे, आणि रानात टायर उभे करून गोल केलेले. ट्रकवरचे क्लीनर, ढाब्यावरचे भांडी घासणारे, एक पगडीवाला म्हातारा ड्रायव्हर, सगळे अनवाणी खेळत होते. मध्ये वसंता, लंगडत, गळ्यात टॉवेल.

आम्ही कडुलिंबाखाली उभे राहिलो. त्याला दिसलो नाही.

ती टीम कसली, तर उतारूंचा घोळका. मध्येच ट्रकचा हॉर्न वाजला की एक पोरगा खेळ सोडून पळायचा, त्याचा ट्रक निघालेला असायचा. वसंता चुटकीसरशी दुसऱ्याला आत घ्यायचा. कोण मद्रासकडचा, कोण बिहारचा. त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण कोणाला पुढे घालायचं, कोणाला मागे, हे वसंता त्यांच्या दोन पावलांवरून ओळखायचा. एक काळासावळा पोरगा सुरेख खेळत होता. त्याचा हॉर्न वाजला. पोरगा पळाला तसा वसंता त्याच्यामागे लंगडत धावला, चालत्या ट्रकच्या फळीला हात लावून ओरडला, "बायां पैर अच्छा है रे तेरा! बहोत अच्छा! भूलना मत!"

पोरगा फळीवरून हसत राहिला. ट्रक दिसेनासा झाला.

पगडीवाला धापा टाकत कडेला आला होता. मामाजींनी त्याला विचारलं, "ये हर एक को ऐसा बोलता है क्या?"

"हर एक को," म्हातारा म्हणाला. "कहता है, फिर कब मिलेगा, अभी बता दो."

मामाजींनी टोपी काढली आणि परत घातली.

मग वसंताने आम्हाला पाहिलं. तो आला, वाकून पाया पडला. "बाबा? काऊन आले?"

मी मामाजींकडे पाहिलं. पाठ केलेलं आता बाहेर पडेल म्हणून वाट पाहत होतो.

"असंच," मामाजी म्हणाले. "जवाईबापूले ढाब्यावरची शेवभाजी खाची होती."

मी शेवभाजी खाल्ली. तिखट होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं ते कोणाला वेगळं वाटलं नाही. वसंताने बायकोला बोलावलं, तिने चहा केला. सगळे पावसापाण्याचं बोलले. वसंता पुन्हा पुन्हा बापाच्या तोंडाकडे पाहत होता. परतीच्या बसपर्यंत सोडायला आला.

बसमध्ये मी चिडून विचारलं, "बोलले का नाही?"

मामाजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पाह्यलं न तुमी? इतकी सालं मॅनेजर शोधून राह्यलो, असा नाई पाह्यला. पण त्या टीमले मॅनेजर हाय, जवाईबापू. दुसऱ्याच्या टीमचा मॅनेजर फोडून आणाचा नसते."

"अहो, ते क्लीनर आहेत. उद्या दुसरे असतील."

"म्हूनच त. आपल्या पोट्ट्यांले घर हाय, माय हाय, बाप हाय. त्यायले तो एकटा हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "हे त्याले मीच सांगीन. दिवाळीले येते न तो."

वसंता दिवाळीला आला. मामाजी त्याच्यासमोर बसले. "बरा हाय न?" म्हणाले. "बरा हाय," तो म्हणाला. मामाजींनी फुटाण्याची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि उठून अंगणात गेले. पुढच्या दिवाळीला मामाजी नव्हते.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. वसंता आणि मी ओसरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "भाऊजी, एक विचारू? तुमी दोघं त्या दिवशी कारंज्याले काऊन आलते? शेवभाजी खाले कोणी वर्ध्याहून येते का?"

मी काही बोलण्याआधीच तो पुढे म्हणाला, "मले वाटलं, बोलवाले आले. बायकोले म्हणलं, सामान बांध. तुमची बस गेली तरी ती म्हणे, बाबा पुढच्या स्टॉपवर उतरून वापस येतीन. आमी संध्याकाळपावतर रस्त्यावर पाहत बसलो."

मी त्याला सांगितलं. बोलवायलाच आलो होतो हे सांगितलं, आणि का बोलावलं नाही तेही. मामाजींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मला गोष्टीत पदरचं घालायची खोड आहे हे आमच्या घरात पोरंसोरंही जाणतात, पण तेव्हा एक शब्द घातला नाही.

वसंता म्हणाला, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

मग तो उठला, आत मामीजींजवळ गेला. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तो त्यांच्या पायाशी बसला. "आई, ऐकून राह्यली का? बाबा बसमधी भाऊजीले का म्हणे माहीत हाय का? म्हणे, इतकी सालं मॅनेजर शोधून राह्यलो..."

तिथपर्यंत तो आला. पुढचं त्याला म्हणता येईना. मामीजी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून, तो म्हणेपर्यंत थांबून राहिल्या.